चूक माझीच होती, मग सोसायला नको का?

“मॅडम, चूक मी केलो. आता तेनं चार दिवस त्रास दिलं तर मी बोलायचं कुठल्या तोंडानं?”

हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या सुजाताचं. पण याच अर्थाचं बोलणं मी खानापूरच्या एका शिक्षिकेकडून ऐकलंय, निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईकडून ऐकलंय आणि बायकोला फसवून पस्तावलेल्या चिकोडीच्या एका पुरुषाकडूनही ऐकलंय. लग्नात एकाचं पाऊल घसरतं, ते उघडकीला येतं आणि तिथून पुढे दुसऱ्याला वाटेल ते करायची मुभा मिळाली, असं दोघंही धरून चालतात. घसरलेला माणूस मुकाट सोसत राहतो. पुरेसं सोसून झालं की सगळं पहिल्यासारखं होईल, अशी त्याला आशा असते. या आशेपायी माणसं खचत गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितेय.

सुजाताच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, कामाचं ठिकाण, घरातली माणसं, ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे. आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. तिचं बोलणं मात्र मी सुधारलेलं नाही.

ती तिशीतली. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, सासर इकडे बेळगावच्या वडगावात. नवरा, त्याला महेश म्हणू, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये शिफ्टवर. घरात सासूबाई, थोरला दीर आणि दुसरीत शिकणारी मुलगी. सुजाता एका क्रेडिट सोसायटीत क्लार्क. तिथे पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्या एका सहकाऱ्याशी तिचं बोलणं वाढलं. संध्याकाळी पिग्मीचा हिशोब जुळवताना गप्पा, मग रात्री मोबाइलवर मेसेज, मग सुट्टीच्या दिवशी बाहेर भेटणं. प्रकरण कुठवर गेलं होतं हे मी इथे लिहिणार नाही. तिच्या प्रश्नाच्या उत्तरात त्याने काही फरक पडत नाही. गणपतीच्या दिवसांत तिचा फोन महेशच्या हाती लागला आणि त्याने सगळं वाचून काढलं. तिने काहीच नाकारलं नाही. त्या माणसाशी बोलणं तोडलं, सोसायटीत अर्ज देऊन दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतली.

महेश पंधरवडाभर तिच्याशी बोललाच नाही. त्यानंतर जे सुरू झालं ते तिला कुणाला सांगता येईना, कारण सांगायला गेलं तर हातात काहीच येत नव्हतं. त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. “मारलं नाही हं मॅडम, एकदा पण नाही,” हे ती दर थोड्या वेळाने सांगायची. पण न्हाणीतल्या बादलीत विसण न घालता नुसतं कढत पाणी ठेवलेलं असायचं. तिचा पाय भाजला, तो म्हणाला विसरलो. माळ्यावर चढायच्या शिडीचा एक पाय ढिला करून ठेवलेला. ती वर चढली तेव्हा सासूबाईंनी खालून धरलं म्हणून निभावलं. मोटारसायकलवर ती मागे बसली की गाडी खड्ड्याखड्ड्यांतून अशी दामटायची, की तिने घाबरून पकडलं तरी पाठ झटकून टाकायची. तिचा फोन तर गणपतीपासून त्याच्याच खिशात होता.

“शिडीबद्दल तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला कळलं मॅडम. खरं, मी काय विचारलो नाही.”

मग तिने एका चित्रपटाचं नाव घेतलं. मुलीला झोपवल्यावर नणंदेच्या मोबाइलवर तिने तो पाहिला होता. “त्यात पण असंच आहे की. तो आधी तिला किती त्रास देतो, आणि मग दोघांचं कसं जमतं!” तिच्या आवाजात पहिल्यांदा उभारी आली ती इथे.

चित्रपट ‘हसीन दिलरुबा’. २ जुलै २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आलेला, दिग्दर्शन विनिल मॅथ्यू यांचं, लेखन कनिका धिल्लन यांचं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा रसभंग होईल, पण गोष्ट सांगणं भाग आहे. दिल्लीची रानी लग्न करून ज्वालापूरच्या रिशूच्या घरी येते. तापसी पन्नू आणि विक्रांत मॅसी यांनी ही कामं केली आहेत. संसाराची घडी बसत नाही. रिशूच्या नात्यातला नील घरी राहायला येतो, रानी त्याच्यात गुंतते आणि तो तिला टाकून निघून जातो. ती नवऱ्याला सगळं सांगून टाकते. मग रिशू घरातच तिला इजा होईल असे अपघात घडवू लागतो. रानी ते ओळखते, तरी घर सोडत नाही. प्रायश्चित्त म्हणून सोसते. आणि त्या सोसण्यातूनच दोघांमध्ये प्रेम उगवतं. पुढे नीलचा जीव जातो, घरात स्फोट होतो, पोलीस रानीच्या मागे लागतात. शेवटी उलगडतं ते असं, की स्फोटात आपण मेलो असं भासावं म्हणून रिशूने तिचं नाव गोंदवलेला स्वतःचा हात तोडून मागे ठेवलेला असतो.

चित्रपट रंगतदार आहे. चुकलेली बाई शेवटपर्यंत नायिका राहते, तिला ना मरावं लागतं ना कुणाच्या पायांवर लोळण घ्यावी लागते, हे आपल्या पडद्यावर फारसं होत नाही. सुजाताला त्यात आपला चेहरा दिसला हे मला मनापासून समजलं. गल्लीत तिच्याकडे सगळे डोळे वटारून बघत असताना तिच्यासारखीची गोष्ट कुणीतरी ममतेने सांगितली होती.

माझं भांडण आहे ते त्या मधल्या भागाशी. छळ हा तिथे पूल झाला आहे. नवरा इजा करतो, बायको सोसते, आणि त्या सोसण्याने फिटंफाट होऊन प्रेमाला जागा मोकळी होते. पडद्यावर हे पटतं, कारण रानीला शेवटच्या प्रसंगापर्यंत जगवायचं हे लेखकाने ठरवूनच ठेवलेलं असतं. ती जिन्यावरून पडली तरी उठणार. वडगावच्या घरात शिडीखाली फरशी होती, आणि सासूबाई त्या क्षणी तिथे होत्या हा निव्वळ योगायोग होता. एवढं मी सुजाताला त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

तिला ते लगेच पटलं नाही. पटण्याच्या आड काय येत होतं, ते तिने पुढच्या भेटीत सांगितलेल्या एका रात्रीतून मला कळलं.

मुलगी माहेरी राहिली होती, तिला आणायला शनिवारी रात्री दोघं मोटारसायकलवरून निघाले. वेंगुर्ला रस्ता. हिंडलगा गेलं, सुळगा गेलं, उचगावचा फाटा, तुरमुरी. बाचीच्या अलीकडे महेशने गाडी बाजूला घेतली आणि ‘उतर’ म्हणाला. ती उतरली. तो निघून गेला. दोन्हीकडे भाताची शेतं, वस्ती लांब. शिनोळीकडून येणाऱ्या ट्रकांचे दिवे अंगावर यायचे तेव्हा ती रस्त्याच्या कडेला एका दगडामागे सरकायची. फोन नव्हता, पर्समध्ये पैसे नव्हते. फार वेळाने तो परत आला. आपलं जर्किन काढून तिच्या खांद्यावर घातलं. पाटणे फाट्याला गाडी थांबवून चहा पाजला, बिस्किटाचा पुडा फोडून तिच्या हातात दिला आणि गणपतीनंतर पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलला.

जर्किनचं सांगताना तिचे डोळे भरून आले. दगडामागच्या वेळेबद्दल विचारलं तर म्हणाली, “ते काय, गेलं.”

माणसाचं मन असं का करतं, हे आमच्या क्षेत्रात पुष्कळ अभ्यासलं गेलं आहे. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये, छळ सोसलेल्या बायकांच्या मुलाखतींवरून एक चक्र मांडलं होतं. ताण साठत जातो, मग आघात होतो, मग गोडवा येतो, आणि पुन्हा ताण. सगळ्याच घरांत ते याच क्रमाने फिरतं असं नाही. पण ज्याने भीती घातली त्याच्याच हातून सुटका झाली, की ती सुटका माणसाला प्रेमासारखी लागते, हे मी वारंवार पाहिलं आहे. एरवी नवऱ्याने पाजलेल्या चहाचं कुणी एवढं अप्रूप करत नाही. त्या चहाला गोडी आली ती दगडामागच्या अंधारामुळे. आणि म्हणूनच सुजाताला अंधारसुद्धा प्रेमाचाच भाग वाटू लागला होता. तिचा खरा प्रश्न मला इथे ऐकू आला: तो शिक्षा देतोय म्हणजे अजून माझा आहे ना?

याचं उत्तर देताना मी घाई करत नाही. शिक्षा देणाऱ्याच्या मनात प्रेम असू शकतं. महेशच्या मनात होतं, हे पुढे मला त्याच्याशी बोलून कळलं. पण त्या प्रेमाने शिडी घट्ट होत नाही. त्याच्या मनात काय आहे हे आपण नंतर बघू, आधी तू रात्री नीट झोपू शकतेस का आणि घरातल्या कुठल्या वस्तूला हात लावताना तुला भीती वाटते ते सांग, असं मी तिला म्हणाले. ती बोलू लागली आणि यादी लांबत गेली.

अशा वेळी मी नवरा-बायकोला एकत्र बसवत नाही. नात्यातली वडीलधारी माणसं नेमकं तेच करतात. दोघांना समोरासमोर बसवतात, ‘झालं गेलं विसरा’ म्हणतात, चहा होतो आणि सगळे उठतात. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर माणूस खरं बोलत नाही, आणि बोललाच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजतो. त्यामुळे आधी वेगवेगळं बोलणं. त्यात काही प्रश्न मी चुकवत नाही. धमकी दिली का? जिवाचं बरंवाईट करीन असं कधी म्हणाला का, तिचं किंवा स्वतःचं? गळ्याला हात लावला का? गळा दाबला असेल तर, खूण उठली नसली तरी, पुढे जिवावर बेतण्याचा तो फार मोठा इशारा मानला जातो. सुजाताच्या बाबतीत तसं नव्हतं. शिडी आणि बाचीचा रस्ता मात्र होता, आणि तेवढं पुरेसं होतं.

तिच्या घरात आणखी एक गोष्ट चालली होती. चित्रपटात पोलीस रानीची लाय डिटेक्टरची चाचणी घेतात. वडगावच्या घरात सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा, म्हणजे देवीची हळद, होती. सासूबाईंनी ती सुजाताच्या तळहातावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की आता त्या माणसाशी काही नाही. तिने घेतली. आठवड्याने पुन्हा घ्यायला लावली, कारण आधीच्या वेळी तिचा हात थरथरत होता असं महेशचं म्हणणं. दुसऱ्यांदा तो जास्तच थरथरला. यल्लम्मावरच्या श्रद्धेला माझा आक्षेप नाही, माझ्या आजीने आयुष्यभर तिची परडी भरली. पण हात का थरथरतो हे समजून घ्यायला हवं. ते चाचणीचं यंत्रसुद्धा खोटं पकडत नाही. श्वास, नाडीचे ठोके, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम तेवढा ते टिपतं. खोटं बोलणाऱ्याचे ठोके वाढतात आणि खरं बोलणाऱ्या घाबरलेल्या माणसाचेही वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, संमतीशिवाय कुणाचीही अशी चाचणी घेता येणार नाही असा निकाल दिला. खुनाच्या संशयितालाही जे संरक्षण आहे, ते स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सुजाताला नव्हतं. तिची भीती हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरत होता, आणि भीती घालणारी माणसंच पुरावा तपासत होती.

मग कायद्याचं बोलणं निघालं, कारण महेश तिला म्हणत होता, “तुझ्यावर केस घालून आत बसवीन.” ती या धमकीने इतकी धास्तावली होती की वकिलाकडे जायलाही तयार नव्हती. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, आणि ते होतं तेव्हाही त्याखाली बायकोला शिक्षा होत नसे. आज व्यभिचार घटस्फोटाचं कारण होऊ शकतो, गुन्हा होत नाही. उलट बायकोच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर अपाय होईल असं वागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ खाली क्रूरतेत मोडतं. त्यासाठी थप्पड बसलीच पाहिजे असं नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तर शब्दांनी, पैशांनी आणि मनाने केलेला छळही मोजतो. त्या कायद्यात पोलिसांच्या दारात न जाताही, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

सीमाभागातल्या बायकांनी यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ‘मी माहेरी चंदगडला गेलो तर कर्नाटकातली केस तिकडे कोण घेणार?’ असं सुजाताने विचारलं होतं. त्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, आणि मिळालेला आदेश देशभर लागू असतो. शिनोळीची हद्द ओलांडली म्हणून हक्क संपत नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवायचा तरी हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात तो नोंदवून घ्यावा लागतो. इकडच्या ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते. आपल्याला वाचता येत नसेल तर सही करण्याआधी विश्वासातल्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावा.

सुजाताने तक्रार केली नाही. तो तिचा निर्णय होता आणि मी तो बदलायला लावला नाही. तिने केलं ते एवढंच की मुलीला घेऊन माहेरी गेली, आणि आईला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. आई रात्रभर रडली आणि सकाळी म्हणाली, “चुकलीस खरं. म्हणून मरायला पाठवू काय तुला?” माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा या एका वाक्याने तिला जास्त बळ दिलं.

आता महेशबद्दल. त्याला खलनायक करून हे लिहून टाकणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. मी निरोप पाठवल्यावर तो थोरल्या भावाला घेऊन आला. भावाला बाहेर बसवलं. बराच वेळ तो टेबलाच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, “झोप नाही मॅडम. मशीनवर उभारलो तरी डोळ्यासमोर तेच मेसेज. एकदा बोट जाताजाता वाचलं.” ज्याच्याशी विश्वासघात झाला त्याची अशी अवस्था होते. तीच तीच चित्रं डोळ्यांपुढे येतात, अन्न जात नाही, फोन वाजला की छातीत धस्स होतं. हे दुखणं खरं आहे, आणि महेशच्या भोवती त्याला ते नाव देणारं कुणी नव्हतं. मित्रांनी दोनच वाटा सांगितल्या होत्या, सोडून दे नाहीतर सरळ कर. ‘बायको सांभाळता येईना’ हे टोमणे वेगळे. आपल्याकडे फसवल्या गेलेल्या पुरुषाने रडलेलं चालत नाही. तो संतापला तर मात्र सगळ्यांना समजतं.

मी त्याला शिडीबद्दल विचारलं. “भीती दाखवायची होती. पडावी असं नव्हतं मनात.” मी म्हटलं, तुमच्या मनात काय होतं ते शिडीला कसं कळणार? आणि ती पडली असती तर मुलीला काय सांगितलं असतं? त्या दिवशी तो उत्तर न देता गेला. पुढच्या वेळी स्वतःहून सांगितलं, की भावाला शिडीचं आणि बाचीचं सगळं बोललो. माझ्या दृष्टीने महेशच्या बाजूने पहिलं खरं पाऊल ते. चार भिंतीतली शिक्षा जोवर चार भिंतीत असते तोवर ती करणाऱ्याला न्यायासारखी वाटते. दुसऱ्या माणसासमोर ती बोलून दाखवली की तिचं खरं रूप त्यालाच दिसतं.

पण ते सरळ रेषेत झालं नाही. मधेच एका रात्री महेशने स्वतःच्या हाताला जखम करून घेतली आणि त्या जखमेचा फोटो सुजातापर्यंत पोचवला. खाली लिहिलं, ‘तुझ्यासाठी’. सकाळी तिचा मला फोन. आवाज कापत होता आणि त्यात, मी खोटं लिहिणार नाही, एक प्रकारचा आनंदही होता. रिशूचा तुटलेला हात तिच्या डोळ्यांपुढे होता. एवढं कोण करतं कुणासाठी?

मी तिला दोन गोष्टी एकदम धरायला सांगितल्या, आणि ते अवघड आहे हे मला माहीत आहे. महेशला या घडीला डॉक्टरची गरज आहे, तेव्हा लगेच त्याच्या भावाला फोन कर. आणि या फोटोमुळे तू आज घरी परत जाऊ नकोस. त्याच्या जखमेवर तुझं परत जाणं हा उपाय ठरला, तर पुढच्या दुराव्यालाही तो हाच उपाय शोधेल. भाऊ त्याला दवाखान्यात घेऊन गेला, जखम वरवरची होती. नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले, झोप लागू लागली. झोप लागू लागल्यावर त्याचं निम्मं बोलणं बदललं. शिफ्टमधली माणसं हे ऐकून हसतील कदाचित, पण आठवडेच्या आठवडे न झोपलेल्या माणसाशी विश्वासाबद्दल बोलणं व्यर्थ असतं.

विश्वासाचं काम त्यानंतर सुरू झालं, आणि चित्रपटात दाखवण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. सुजाताचा फोन तिला परत मिळाला. तो तिने स्वतःहून महेशसमोर ठेवायचा की नाही, हे तिच्यावर सोडलं. हिसकावून घेतलेल्या फोनमधून नवऱ्याला माहिती मिळते. बायकोने आपणहून दाखवलेल्या फोनने त्याला धीर येतो. त्या माणसाचा कुठूनही निरोप आला तर महेशने विचारण्याआधी तिने सांगायचं, असं ठरलं. एकदा खरंच आला आणि तिने अर्ध्या तासात सांगितलं. त्या दिवशी महेश मला म्हणाला की, मॅडम, भंडाऱ्यापेक्षा हे बरं. प्रश्न विचारायला रविवारची सकाळ, तासभर. इतर वेळी रात्री-अपरात्री उलटतपासणी नाही. कुठे भेटलात, घरच्यांना काय सांगून गेलीस, हे विचारायला हरकत नाही. शरीराचे बारकावे विचारू नका, त्याची उत्तरं डोक्यात चित्रं होऊन बसतात आणि झोप पुन्हा जाते, हे मी त्याला बजावलं.

तिच्या वाट्याचंही काम होतं, ते मी हलकं केलं नाही. ‘किती वेळा माफी मागू?’ हे वाक्य तिने सोडायचं. महेशचा एखादा दिवस वाईट गेला, जुनं उफाळून आलं, तर तिने ते ऐकून घ्यायचं. मात्र ऐकून घेणं आणि इजा सोसणं यांच्यातली रेघ तिने स्वतः आखली. मोटारसायकलवर मागे बसणार नाही. पगार माझ्या खात्यावर राहील. पुन्हा घरात एकही ‘अपघात’ झाला तर थेट अर्ज करणार. महेशने ते भावासमोर मान्य केलं. सासूबाईंनी भंडारा देव्हाऱ्यातून बाहेर काढायचा नाही, हे पटायला मात्र वेळ लागला. त्यांना वाटत होतं, सुनेला मोकळीक मिळतेय.

सध्या सुजाता मुलीला घेऊन टिळकवाडीत भाड्याच्या खोलीत राहते, सोसायटीच्या शाखेजवळ. महेश बुधवारी आणि रविवारी येतो, मुलीचा अभ्यास घेतो, जेवून जातो. कधी दोघं हसतात, कधी तो अर्ध्या ताटावरून उठून जातो आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतो की काय आठवलं होतं. वडगावला परत जायचं की नाही हे ती ठरवेल, आणि तिला कुणी घाई करू नये एवढंच माझं दोघांच्या घरच्यांना सांगणं आहे. मध्यंतरी तिने मला विचारलं, “मॅडम, आता तो गप चहा पितो आणि जातो. पहिल्यासारखं काळजात होत नाही. प्रेम गेलं काय?” मी म्हटलं, तुझी भीती गेली. तिची जागा मोकळी झाली आहे, तिथे काय येतं ते बघायला अवकाश दे.

या लेखात ज्यांना आपलं घर दिसलं असेल त्यांच्यासाठी. जीव धोक्यात असेल तर ११२. महिलांसाठी १८१, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर, जिथे डॉक्टर, वकील, पोलीस आणि तात्पुरत्या निवाऱ्याची सोय एकाच ठिकाणाहून लावून दिली जाते. महेशसारखी झोप उडालेल्या, डोक्यात नको ते येणाऱ्या कुणालाही, बाई असो वा पुरुष, १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. दिवसरात्र सुरू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. आणि आज घर सोडायचं नसलं तरी आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दागिन्यांच्या पावत्या यांचे फोटो काढून आईच्या किंवा बहिणीच्या फोनवर पाठवून ठेवा, आणि मग आपल्या फोनमधून ते मेसेज पुसून टाका.